आधी आलेला हशा

स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड ठोकलेलं, आणि वरचा पंखा कामाच्या वेळी बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर कामात यायची. म्हणजे माणूस राबत असला की पंखा बंद आणि नुसता बसला असला की पंखा चालू, असा त्या खोलीचा उफराटा न्याय. तिथे बसून एक माणूस वर्षानुवर्षं हशे लावायचं काम करत होता.

हशे लावायचे म्हणजे काय, तर टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत कुणी खुर्ची समजून जमिनीवर बसलं की मागून माणसांचं हसणं ऐकू येतं ना, ते. समोर प्रेक्षक बसलेले असतात आणि ते हसतात असं तुम्हांला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, तुमचं काही बिघडत नाही. चित्रीकरणाच्या वेळी तिथे असतात कॅमेऱ्यामागे जांभया देणारी माणसं. हसू नंतर येतं, आणि ते जिन्याखालून येतं.

सगळे त्याला हशाकाका म्हणत. गंमत अशी की हा हशाकाका स्वतः हसायचा नाही. चिडका होता म्हणाल तर तसंही नाही. अंगाने किरकोळ, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण विनोद कानावर पडला की त्याचं लक्ष वाक्य कुठे संपतं इकडे. एखादा पाहुणा घरी येऊन फर्मास किस्सा सांगायचा, सगळे हसून लोटपोट व्हायचे, आणि हा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "छान. फक्त शेवटचा शब्द जरा घाईने पडला." पाहुणा पुन्हा त्या घरात किस्सा सांगायच्या भानगडीत पडायचा नाही.

हशांचा त्याचा साठा मात्र जुना आणि जिवापाड जपलेला. तरुणपणी तो एका रेकॉर्डिंग मास्तरांच्या हाताखाली होता. नाट्यगृहांत जायचं, लांब काठीला माइक बांधून प्रेक्षकांच्या डोक्यावर धरायचा आणि नाटक चालू असताना लोकांचं हसणं टेपवर उतरवून घ्यायचं. काठी हलवायची नाही, खोकायचं नाही, आणि आभाळ कोसळलं तरी आपण हसायचं नाही. त्याची हसायची सवय तिथेच मोडली असावी. त्या टेपांमधून निवडून काढलेल्या हशांना त्याने नावं दिली होती. नाकातला. उशिरा कळलेला. बाई आणि तिची मैत्रीण. खोकल्यात संपणारा. आणि सगळ्यांत मोठा, ज्यात खालच्या खुर्च्यांपासून वरच्या सज्ज्यापर्यंत सगळी माणसं एकदम फुटतात, त्याचं नाव भरलं सभागृह. हा हशा तो सहसा बाहेर काढत नसे. दिग्दर्शकाने मागितला तर म्हणायचा, "एवढा मोठा विनोद झालेला नाही."

कामातली त्याची शिस्त म्हणजे हशा वाक्यावर चढता कामा नये. वाक्य संपलं की घास गिळायला लागते तेवढी उसंत द्यायची, मग हशा सोडायचा. आधी आला तर बघणाऱ्याला वाटतं आपल्याला कुणी मागून ढकललं. फार उशिरा आला तर वाटतं शेजारी दुसरंच काही बघताहेत. इतक्या वर्षांत त्याचा एकही हशा आधी आला नव्हता. ही बढाई तो कधी मारत नसे, पण मनातल्या मनात त्याला ती ठाऊक होती.

घरच्यांना मात्र या माणसाच्या वेळेचा वीट आला होता. गाडी संध्याकाळची असली की दुपारचं जेवण पोटात उतरायच्या आत हा चपला घालून दारात उभा. स्टेशनवर पोचायचं तर आपल्या गाडीच्या आधीच्या दोन-तीन गाड्यांना निरोप देऊन झाल्यावर आपली गाडी यायची. दातांच्या डॉक्टरकडे हा पोचायचा तेव्हा दवाखान्यात झाडू चाललेला असायचा. एकदा एका स्नेह्याच्या घरी जेवायला गेले तर घरमालकाने डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत दार उघडलं. बायको खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलंय, भांडी घासायला नाही."

यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "मी लवकर जात नाही. मी वेळेवर जातो. बाकीचे उशिरा येतात."

आणि हे तो वाद घालायचा म्हणून बोलत नसे. त्याला खरंच तसं वाटायचं.

घरात एकुलती एक लेक. ती लहानपणी बापाच्या मांडीवर बसून, हशे ऐकत भात खायची. पुढे शिकली, आणि शिकून काय केलं, तर माणसं सिनेमात आणि टीव्हीवर नेमकी कशाला हसतात यावर मोठा थोरला अभ्यास. आई शेजारणीला सांगताना 'सिनेमाचं काहीतरी' एवढ्यावर भागवायची. त्या अभ्यासाच्या जोरावर लेकीला बापाच्याच स्टुडिओत, त्याच मालिकेच्या लेखकांमध्ये काम मिळालं. मग काय, रोज जेवताना वर्ग भरू लागला.

"पहिलं कारण म्हणजे," लेक हातातला घास तसाच धरून सांगायची, "दुसऱ्याची फजिती झाली की आपल्याला बरं वाटतं. पडला तो, मी नाही. दुसरं म्हणजे विसंगती. मनाने एक धरलेलं असतं आणि समोर भलतंच येतं. चोर जीव वाचवायला पेटाऱ्यात लपतो, आणि हमाल तो पेटारा उचलून नेमका पोलीस चौकीत नेऊन ठेवतात. तिसरं म्हणजे सुटका. पोटात भीतीचा गोळा आलेला असतो, काही झालेलं नाही असं कळतं, आणि तो गोळा हसू होऊन बाहेर पडतो."

"दारामागे मांजर निघतं तसं," हशाकाका म्हणाला.

"बरोब्बर! आणि हल्लीचे अभ्यासक म्हणतात, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काहीतरी चुकीचं घडायला हवं, पण कुणाला लागता कामा नये. लागलं की विनोद संपला."

"आणि लागलं की नाही ते ठरवायचं कुणी?" आईने ताटं गोळा करता करता विचारलं.

"बघणाऱ्याने, आई."

"ज्याला लागलं त्याला नाही वाटतं विचारायचं?"

"अगं, तो नट असतो. त्याला कुठे लागतंय!"

आई ताटं घेऊन आत गेली आणि तो विषय तिथेच राहिला.

हशाकाकाने मात्र लेकीचं बोलणं मनावर घेतलं. एका सुटीच्या दिवशी बापलेक जिन्याखालच्या खोलीत बसले आणि सगळा साठा नव्याने लावला. नाकातला हशा गेला फजितीच्या खान्यात, कारण त्यात जरा तोरा आहे. बाई आणि तिची मैत्रीण विसंगतीत, कारण एकीला आधी कळतं आणि ती दुसरीला कोपराने ढोसते, हे कान दिला तर ऐकू येतं. खोकल्यात संपणारा सुटकेचा. इतकी वर्षं तो विनोद केवढा आहे एवढंच बघायचा. आता विनोद कसला आहे तेही बघू लागला. मालिकेत एका माणसाला ऑपरेशनला न्यायचंय असं वाटून तो थरथरत असतो आणि आलेली माणसं त्याला न नेता त्याची खाट दुरुस्तीला नेतात, असं एक दृश्य होतं. पूर्वी त्याने तिथे नाकातला ठोकून दिला असता. या वेळी खोकल्यात संपणारा लावला. दिग्दर्शक म्हणाला, "काका, काय केलंत हो? दृश्य जिवंत झालं की!"

"लेकीने शिकवलं," हशाकाका म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला लेकीचा फार अभिमान वाटला.

साठा लावताना एक हशा तेवढा उरला होता. भरलं सभागृह. लेकीने तो पुन्हा पुन्हा ऐकला.

"बाबा, असा हशा मी दुसरा ऐकलेला नाही. यात सगळंच आहे. काय चाललं होतं हो रंगमंचावर?"

"मला नव्हतं दिसत. मी काठी धरून रंगमंचाकडे पाठ करून उभा होतो."

"मग हा कुठल्या खान्यात टाकायचा?"

"राहू दे त्याला बाहेर," तो म्हणाला आणि त्याने पंखा लावला.

त्यानंतर मालिकेत लवकरराव आले. मालिकेतल्या कुटुंबाचे सासरे. यांचं वैशिष्ट्य एकच, कुठेही जायचं तर हे वेळेच्या कितीतरी आधी पोचणार. सिनेमाला जातील ते आदल्या खेळाचा शेवट पाहून येतील. कुणी आजारी असल्याचं कळलं की भेटायला इतक्या तातडीने जातील की त्या माणसाला ताप चढायचा असेल. लिहिलं लेकीने, आणि लोकांनी लवकररावांना डोक्यावर घेतलं. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, कुणी जरा आधी आला की लोक म्हणू लागले, "या लवकरराव!"

हशाकाका जिन्याखाली बसून लवकररावांवर हशे लावत होता. नाकातला, बहुतेक वेळा नाकातलाच. पडला तो, मी नाही. एकदा जेवताना म्हणालासुद्धा, "असा माणूस असतो का कुठे? पण लोकांना आवडतोय बुवा." बायकोला एकदम ठसका लागला. लेकीने पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं ढळढळीत दिसत असताना याला कळलं कसं नाही? तर लवकरराव लवकर जायचे. हा वेळेवर जायचा. संबंधच काय!

मग बायकोच्या भावाच्या मुलीचं लग्न आलं. हशाकाकाने घरच्यांना अशा वेळी बाहेर काढलं की कार्यालयाला चक्क कुलूप. तिघं ठेवणीतले कपडे घालून पायरीवर बसली. बायकोने तोंड उघडलं नाही, कारण बोलण्यासारखं जे होतं ते रिक्षात बोलून झालं होतं. बऱ्याच वेळाने कार्यालयाचा रखवालदार सायकलवरून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आला. त्याने पायरीवरच्या तिघांकडे पाहिलं, सायकल तशीच अंगाला टेकवून धरली आणि म्हणाला, "अरेच्चा! हे तर लवकरराव!"

आणि हसला. हशाकाकाने तो हशा ओळखला. नाकातला.

बायकोलाही हसू फुटलं आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला. लेक हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हशे लावणाऱ्या माणसाला न हसलेला माणूस आधी दिसतो, तसा त्याला तिचा चेहरा दिसला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लग्न लागलं, जेवणं झाली, फोटो निघाले. पण त्याला फार वाईट वाटलं. लेकीने थट्टा केली याचं तर वाटलंच, पण जास्त वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. घरोघरच्या माणसांना आपल्यावर कुठे आणि किती हसायचं ते आपणच आपल्या हाताने नेमून दिलं होतं, आणि तेही अगदी वेळेवर.

दुसऱ्या दिवशी लेक जिन्याखाली आली. "बाबा, मी सांगणार होते."

"चांगलं लिहितेस," तो म्हणाला. पंखा बंद होता, म्हणजे काम चालू होतं. ती थोडी थांबली आणि गेली.

मग त्याने एक प्रयोग करून पाहिला. लवकर पोचायचं नाही. पण घरात त्याचा पाय ठरेना, तेव्हा तो निघायचा पहिल्यासारखाच आणि पोचायच्या जागेच्या अलीकडे कुठेतरी वेळ काढत उभा राहायचा. स्टुडिओच्या अलीकडे औषधांचं दुकान होतं, तिथे काचेतल्या साबणांकडे बघत राहायचा. दुकानदार विचारायचा, "काय देऊ?" मग काहीतरी घ्यायला हवं म्हणून दात घासायचा ब्रश घ्यायचा. घरात ब्रश साठत चालले. बायकोने एकदा खण उघडून ते सगळे पाहिले, आणि कधी नव्हे ते तिला नवऱ्याला बोलवेना.

मालिकेचा शेवटचा भाग त्या लग्नाच्या आधीच चित्रित होऊन पडला होता. तो आता जिन्याखाली आला. त्यात लवकररावांची सून बाळंत व्हायची आहे, आणि लवकरराव हॉस्पिटलच्या बाकावर मांडीवर बॅग घेऊन येऊन बसतात. सिस्टर येते, विचारते, "पेशंट कुठाय?" लवकरराव म्हणतात, "ती अजून घरी झोपलीय." लेकीने हे आईकडून ऐकलं होतं, तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी बाप असाच जाऊन बसला होता म्हणे. दिग्दर्शकाचा निरोप होता, शेवटचा भाग आहे, इथे भरलं सभागृह पाहिजेच पाहिजे, आता नाही म्हणू नका.

हशाकाका नाही म्हणाला नाही. त्याने दृश्य लावलं, हशा लावला आणि पाठवून दिला. पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा ऐकायची त्याची रीत होती. त्या दिवशी त्याने ऐकला नाही.

वरच्या मजल्यावर दिग्दर्शक आणि लेक तो भाग बघायला बसले. पडद्यावर लवकरराव आले, बाकावर बसले, बॅग मांडीवर घेतली. आणि सगळं सभागृह फुटलं. हशा उसळला, ओसरला, मग सिस्टर आली आणि विचारू लागली, "पेशंट कुठाय?" तिच्या त्या प्रश्नाला आणि लवकररावांच्या उत्तराला कुणी हसलं नाही.

"काकांना झालंय काय?" दिग्दर्शक म्हणाला. "बटण चुकलं वाटतं."

लेकीने बापाचे हशे भाताबरोबर खाल्लेले होते. बटण चुकलेलं नाही हे तिला कळलं. ती जिना उतरून खाली आली. खोलीत पंखा चालू होता आणि हशाकाका नुसता बसला होता.

"बाबा, हशा आधी आला."

"कुठला?"

"हॉस्पिटलचा. तो बाकावर बसल्या बसल्या येतो. सिस्टरने अजून विचारलेलंच नसतं."

त्याने पंखा बंद केला, दृश्य लावून ऐकलं. "हो," म्हणाला. "आधी आला."

"तुमचा कधीच येत नाही."

"नाही."

ती त्याच्या समोरच्या स्टुलावर बसली. "माझा राग आलाय ना?"

"आला होता. लग्नाच्या दिवशी आला होता, फार. आता तो राग नाही." मग त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "तो बाकावर बसला ना, बॅग घेऊन, तेव्हा मला वाटलं आता सगळं दाखवून झालं. पुढे काही बोलणं आहे हे मी विसरूनच गेलो."

"विसरलात? तुम्ही?"

"हा हशा कुठला म्हणून विचारलं होतंस ना मला," तो म्हणाला. आणि मग त्याने सांगितलं, ते असं, एखाद्या मशीनबद्दल सांगावं तसं. तुझे आजोबा हॉस्पिटलमध्ये होते. मी नाट्यगृहात काठी धरून उभा. पडदा वर गेला आणि लगेच निरोप आला, मुलाला ताबडतोब पाठवा. चिठ्ठी आली मास्तरांच्या हातात. दुसऱ्या अंकात जोरात हशा येतो हे मास्तरांना माहीत होतं, आणि मी गेलो तर काठी कोण धरणार? त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं, एवढ्याशा वेळाने काय होतंय. दुसऱ्या अंकात हा हशा आला. भरलं सभागृह. माझे हात भरून आले होते, पण मी काठी हलू दिली नाही. पडदा पडल्यावर त्यांनी मला चिठ्ठी दिली.

"मग?" लेकीने विचारलं.

"मग मी पळालो. वॉर्डात पोचलो तर गादी गुंडाळून ठेवलेली. सिस्टरने विचारलं कोण हवंय, मी म्हटलं मी मुलगा. तर ती म्हणाली, सारखे विचारत होते, बाहेर कुणी आहे का बघा."

लेकीला रडू फुटलं. तिने ते लपवलं नाही आणि त्यानेही तिला गप्प केलं नाही.

"म्हणून तुम्ही तेव्हापासून," ती म्हणाली.

"तेव्हापासून काय ते मला माहीत नाही. मी वेळेवर जातो, एवढंच."

"आईला माहीत आहे हे?"

"ती विचारते, एवढी घाई कसली. आता काय सांगायचं?"

लेकीने डोळे पुसले. "मी ते दृश्य काढूनच टाकते, बाबा."

"छे, छे! काढू नकोस," तो एकदम म्हणाला. "ती अजून घरी झोपलीय. आत्ता नीट ऐकलं मी. चांगला विनोद आहे. फक्त हा हशा तिथे नको. दुसरा लावतो."

लेकीने त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. आईला सगळं सांगितलं. आणि दिग्दर्शकाच्या मागे लागून, त्याच्या शिव्या खाऊन, त्याच बाकावर आणखी एक तुकडा चित्रित करायला लावला. दिग्दर्शक म्हणाला, झालेल्या भागाला कुणी हात लावतं का? ती म्हणाली, मी लावते. शेवटी लवकररावांचं काम करणाऱ्या नटाला पुन्हा बोलावलं, त्याने पुन्हा मिशा चिकटवल्या, आणि काम झालं.

त्यानंतर एकदा दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. हशाकाका नेहमीसारखा भलत्या वेळी चपला घालायला गेला, तर बायको पिशवी घेऊन आधीच दारात उभी.

"चला ना," ती म्हणाली. "किती वेळ लावता!"

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा झाडू चालला होता. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि त्यांनी झाडणाऱ्या बाईसाठी पाय वर घेतले. त्या दिवशी त्याने ब्रश घेतला नाही.

नवा तुकडा जिन्याखाली आला. पहिला भाग तसाच होता. "पेशंट कुठाय?" "ती अजून घरी झोपलीय." तिथे हशाकाकाने उशिरा कळलेला लावला, वाक्य संपल्यावर घास गिळण्याएवढी उसंत देऊन. पुढचं नवीन होतं. सुनेला अचानक कळा सुरू होतात, शेजारी तिला घेऊन येतात आणि गाडी लावायला खाली जातात, घरचे बाकीचे वाटेत अडकतात. बाकावर लवकरराव एकटे, मांडीवर बॅग. आतलं दार उघडतं आणि सिस्टर डोकं बाहेर काढून विचारते, "बाहेर कुणी आहे का?" लवकरराव धडपडत उठतात, बॅग खाली पडते, आतली झबली लादीवर पसरतात.

"मी आहे," ते म्हणतात. "कधीचा."

हशाकाकाने तेवढा तुकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला. दिग्दर्शक मुद्दाम खाली येऊन मागे उभा होता. "आता लावा तुमचं भरलं सभागृह," तो म्हणाला. "यात तुमच्या लेकीची ती सगळी कारणं आहेत. फजिती आहे, भलतंच घडलंय, सुटकाही आहे."

"इथे काही नको."

"अहो, शेवटचा भाग आहे! रिकामं ठेवलं तर लोक हसायचे नाहीत."

"हसतील," हशाकाका म्हणाला. "त्यांचं ते बघतील."

दिग्दर्शकाने लेकीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. ती बापाकडेच बघत होती, तेव्हा तो कपाळाला हात लावून वर निघून गेला.

भाग टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी तिघं घरात समोर बसली. अर्थातच आधीची बातम्यांची वेळ संपायच्या आधीपासून बसली होती, आणि बायकोने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लवकरराव बाकावर येऊन बसले. पहिला विनोद झाला, उशिरा कळलेला हशा आला. हशाकाकाने मान हलवली, बरोबर पडला होता. मग दार उघडलं.

"बाहेर कुणी आहे का?"

"मी आहे. कधीचा."

टीव्हीतून काही आलं नाही. पण भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून माणसं हसल्याचा आवाज आला, बाई आणि तिची मैत्रीण असावी तसा. वरच्या मजल्यावरूनही आला. बायको हसत होती आणि हातानेच डोळे पुसत होती. लेक हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हशाकाका एकदा टीव्हीकडे बघत होता, एकदा या दोघींकडे. सिस्टरने लवकररावांच्या हातात बाळ दिलं. नावांची पाटी वर सरकली. साबणाची जाहिरात सुरू झाली, त्यातली बाई फेसाने भरलेले हात दाखवू लागली.

आणि तेव्हा हशाकाका हसला. आधी पोटातून काहीतरी हललं, मग खांदे गदगदले, मग तो इतका मोठ्याने हसायला लागला की त्याला दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागली. या हशाला त्याच्या साठ्यात नाव नव्हतं. लेक आ वासून बघत राहिली. तिने जन्मापासून हा आवाज ऐकला नव्हता.

बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "पोचलात एकदाचे!"